शिस्त शिष्याला, मोकळीक मालकाला!

सत्तर हा आकडा वाचकांनी जरा ध्यानात ठेवावा. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मागणाऱ्या मुलाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, लेखी परीक्षेत प्रत्येक विषयाला शंभरपैकी किमान सत्तर गुण मिळवावे लागतात. हवामानशास्त्रात एकोणसत्तर पडले की तो नापास. मग त्याच्या बापाने घर गहाण टाकलेले असो की आईने पाटल्या मोडलेल्या असोत, त्याला एका गुणाची भीक कोणी घालत नाही, आणि घालूही नये, कारण आभाळात ग्रेस मार्क नसतात. आता याच डीजीसीएने या मुलांना उडायला शिकवणाऱ्या संस्थांची पहिलीवहिली प्रतवारी 1 ऑक्टोबर 2025 रोजी लावली आहे. 35 संस्था तराजूत घातल्या गेल्या. 85 च्या वर गुण मिळवून सर्वोच्च श्रेणीत बसली, अशी संस्था एकही नाही. 70 ते 85 मधली ‘ए’ श्रेणी, तीही रिकामी. 50 ते 70 मधल्या ‘बी’ श्रेणीत 13. उरलेल्या 22 पन्नाशीही न गाठता ‘सी’मध्ये. म्हणजे जेवढ्या गुणांवाचून विद्यार्थ्याला परवाना नाकारला जातो, तेवढे गुण त्याला शिकवणाऱ्या एकाही संस्थेला कमावता आलेले नाहीत. परीक्षक तोच. नापास होतो तो मात्र केवळ शिष्य.

नापास झालेल्या गुरुजनांना शिक्षा काय झाली, असे कोणी विचारील. त्यांना पत्रे गेली: आपल्या उणिवांचे आत्मपरीक्षण करावे व सुधारणा करावी. मांजराने दुधाच्या पातेल्यापाशी बसून आपल्या आहाराविषयी चिंतन करावे, अशातलाच हा फर्मानाचा प्रकार! या गुणपत्रिकेची घडणही पाहण्यासारखी आहे. संचालनविषयक बाबींना 40 गुण, कामगिरीला 20, नियमपालनाला 10, विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या साहाय्याला 10, आणि सुरक्षेला 20. ज्या विद्येत सुरक्षा गेली की बाकीचे ऐंशी गुण चितेवर ठेवायचे, त्या विद्येत सुरक्षेची किंमत एक पंचमांश धरली गेली, आणि एवढी सोयीची प्रश्नपत्रिका हाती असूनही पहिल्या दोन बाकांवर बसायला कोणी सापडले नाही. कोणीच नाही त्या अर्थी 1985 साली केंद्र सरकारने स्वतःच्या पैशाने रायबरेलीजवळ फुरसतगंजला उभारलेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीही तेथे नाही. खासगी दुकानदारांना बोल लावताना सरकारने आपल्या घराच्या कौलांकडेही एकदा मान वर करून पाहावे.

ही गुणपत्रिका कागदावर उमटण्याच्या कितीतरी आधी आमच्या शेतांत आणि डोंगरांत उमटली होती. एप्रिल 2017 मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेले प्रशिक्षण विमान वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकून कोसळले आणि प्रशिक्षकासह एक विद्यार्थिनी गेली. 16 जुलै 2021 रोजी शिरपूरच्या अकादमीचे विमान चोपडा तालुक्यातील वर्डीच्या रानात, सातपुड्याच्या पायथ्याशी आदळून प्रशिक्षक जागीच ठार झाला आणि शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एकटीने उडणारी बावीस वर्षांची मुलगी विमानासह खाली आली व दैव बलवत्तर म्हणून वाचली. 18 मार्च 2023 रोजी पुन्हा बिरसीहूनच उडालेले विमान बालाघाटच्या भक्कूटोल्याच्या डोंगरात विझले आणि त्यातले दोघेही जीव त्याच्याबरोबर विझले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीला रेडबर्ड या संस्थेची दोन विमाने 19 आणि 22 या तारखांना, म्हणजे चार दिवसांत दोनदा, जमिनीवर आली. ऑगस्ट 2024 मध्ये जमशेदपूरहून उडालेल्या दोघांचे देह चांडिल धरणाच्या पाण्यात सापडले. 22 एप्रिल 2025 रोजी गुजरातेत अमरेलीच्या भरवस्तीत एकट्याने उडणारा एक विद्यार्थी विमानासह जळाला. एवढे सारे घडून गेल्यावर, आठ वर्षांनी, सरकारला कळले की या शाळांना गुण द्यायला हवेत.

बारामतीच्या त्या प्रकरणाजवळ थोडे थांबणे भाग आहे. एकाच संस्थेच्या विमानांना सहा महिन्यांत पाच अपघात झाले, तेव्हा कुठे डीजीसीएने तिचे सर्व तळांवरील प्रशिक्षण थांबवले. पहिल्या अपघाताला योगायोग म्हणता येते, दुसऱ्याला दुर्दैव म्हणून सोडून देता येते. तिसऱ्याला तरी एखाद्या अधिकाऱ्याला खुर्चीत अस्वस्थ वाटायला हवे होते की नाही? पाचापर्यंत मोजत बसण्याची ही कोणती अंकलिपी? आणि काही काळाने दारे पुन्हा उघडली जातात, तेव्हा आत नेमके काय दुरुस्त झाले हे ना पालकांना सांगितले जाते, ना बारामतीजवळच्या कटफळ-गोजुबावीच्या त्या शेतकऱ्याला, ज्याच्या डोक्यावरून ही विमाने रोज सकाळपासून घिरट्या घालतात. विमान पडल्यावर सर्वांत आधी तोच धावतो. ना त्याला गणवेश, ना चौकशी समितीत जागा. विहिरीवरची मोटर बंद करून तो पळत सुटतो, दार ओढतो, मुलीला बाहेर काढतो. प्रशिक्षण-सुरक्षेची जी काही ग्रामीण शाखा या देशात कार्यरत आहे, ती एवढीच.

आता शिस्तीकडे वळू. शिस्त या शब्दाचा टेंभा या संस्थांइतका क्वचितच कोणी मिरवत असेल. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्यापुढे नियमांचे जे बाड ठेवले जाते त्यात खांद्यावरच्या पट्ट्यांपासून बुटाच्या पॉलिशपर्यंत, वसतिगृहाच्या फाटकाच्या वेळेपासून केसांच्या लांबीपर्यंत, हजेरीपासून मोबाईलपर्यंत सगळ्याची तरतूद असते. त्याच बाडाच्या पोटात दोन कागद असतात. एकात लिहिलेले असते की भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. दुसऱ्यात, म्हणजे माफीपत्रात, विद्यार्थी आणि त्याचे पालक लिहून देतात की जिवाचे काही बरेवाईट झाले तर संस्थेला जबाबदार धरणार नाही. विद्यार्थ्याने संस्थेला काय द्यायचे ते पानोपानी. संस्थेने विद्यार्थ्याला किती महिन्यांत किती तास उडवायचे, विमान नादुरुस्त राहिले तर दंड कोणी भरायचा, एका प्रशिक्षकामागे किती मुले असायची, हे मात्र त्या बाडात भिंग घेऊन शोधावे लागते. बूट चकचकीत हवेत. विमान उभे असले तरी चालते.

येथे आमच्याविषयी गैरसमज नको. आम्ही मुलांच्या बेशिस्तीचे वकीलपत्र घेतलेले नाही. उड्डाणाआधी बारा तास मद्याला स्पर्श नाही आणि श्वासचाचणीत आकडा शून्यच हवा, हा नियम विद्यार्थ्यालाही लागू आहे आणि तो अक्षरशः पाळला गेलाच पाहिजे. एकट्याने उडताना मैत्रिणीच्या गावावरून खाली घिरटी घालणाऱ्या, इन्स्टाग्रामवर टाकायला कॉकपिटात मोबाईल उभा करणाऱ्या वीराचा परवाना काढून घेतला तर आम्ही टाळ्या वाजवू. प्रश्न इतकाच की हा सोवळेपणा फक्त विद्यार्थ्याच्याच ताटाभोवती का? मार्च 2022 पासून डीजीसीएने 30 प्रशिक्षण संस्थांची झाडाझडती घेतली, तेव्हा काय सापडले? काही ठिकाणी धावपट्टीचा पृष्ठभाग उखडलेला होता. काही ठिकाणी उड्डाणापूर्वीची मद्यचाचणी टाळली जात होती, आणि ज्यांनी ती करवून घ्यायची त्यांच्याच अंगणात टाळली जात होती. उड्डाणाच्या वेळांच्या नोंदींतही गफलती निघाल्या. आणि काही ठिकाणी विंडसॉक फाटका होता.

विंडसॉक म्हणजे धावपट्टीच्या कडेला काठीवर फडफडणारी ती कापडी नळी, जिच्याकडे पाहून पोराला कळते की वारा कुठून आणि किती जोराने येतो आहे, उतरताना विमानाचे नाक कुठे धरायचे. पहिल्यांदा एकटे उडणाऱ्या मुलाचा आभाळातला तो एकमेव वडीलधारा. ती फाटलेली होती! ज्या संस्था पोरांच्या शर्टाला इस्त्री नाही म्हणून त्यांना उड्डाणाच्या रांगेतून बाहेर काढतात, त्यांना ते हातभर कापड गावातल्या शिंप्याकडे देऊन दुपारपर्यंत शिवून आणणे जमले नव्हते. या एका चिंधीत आम्हाला या धंद्याचे संपूर्ण चरित्र दिसते.

धंदा हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला. परवान्याला 200 तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी पालक पन्नास लाखांच्या घरात, पुष्कळदा त्याहूनही अधिक रक्कम मोजतात, आणि या शुल्कावर आपले नियंत्रण नाही हे सरकारच मोकळेपणी सांगते. देशाला पुढील पंधरा-वीस वर्षांत 30,000 वैमानिक लागतील, हे नागरी विमान वाहतूक मंत्री व्यासपीठाव्यासपीठावरून सांगतात, आणि ते वाक्य दुसऱ्या दिवशी प्रत्येक संस्थेच्या जाहिरातीत झळकते. 2020 साली सरकारने प्रशिक्षण संस्थांचे धोरण उदार केले. विमानतळ प्राधिकरणाला द्यावी लागणारी रॉयल्टी माफ केली, जमिनीची भाडी सुसह्य केली. पुढच्याच वर्षी आमच्या जळगावासह बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या विमानतळांवर नव्या संस्थांना जागा वाटल्या. 2023 साली 1,622 परवाने दिले गेले तेव्हा विक्रमाचे ढोल बडवले गेले. सवलत द्यायला आमची हरकत नव्हती. उलट उड्डाणविद्या स्वस्त होत असेल तर आम्ही तिचे स्वागतच करू. पण मालकाची रॉयल्टी माफ झाली, त्या सवलतीतला एक रुपया तरी पोरांच्या शुल्कातून वजा झाला काय? मालकाला दिलेल्या प्रत्येक सवलतीबरोबर त्याच्यावर एक अट घालता आली असती: इतके प्रशिक्षक, इतकी उडती विमाने, तरच इतके प्रवेश. अट घालायला पैसे लागत नाहीत, इच्छा लागते. सरकारने भाडे सोडले आणि त्याबरोबर लगामही सोडला.

आणि मग सुरू होते ते अंकगणित, ज्यात सुरक्षेचा बळी कसा जातो हे कोणताही शेंबडा पोर सांगू शकेल. जाहिरातीत वर्ष-सव्वा वर्ष, प्रत्यक्षात दोन-अडीच वर्षे. प्रवेश शंभर, उडण्याजोगी विमाने मोजकी, त्यातली एकदोन सुट्या भागांची वाट पाहत हँगरात. प्रशिक्षक चार, तेही स्वतःचे तास भरून एअरलाइनच्या वाटेवर डोळे लावून बसलेले. पोरे आठवडा-आठवडा नुसती हजेरी लावून परततात. अखेर एका मंगळवारी फळ्यावर नाव लागते. सकाळी विमानाभोवती फिरून पाहताना मुलाला ब्रेक जरा नरम वाटतो, किंवा रात्री झोप लागलेली नसते, किंवा पश्चिमेला ढग चढताना दिसतात. ‘सर, मी आज उडत नाही,’ हे पाच शब्द उच्चारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. किंबहुना चांगला वैमानिक घडवायचा तर हेच वाक्य आधी शिकवायला हवे. पण ते उच्चारल्याची किंमत त्याला ठाऊक आहे. पुन्हा रांगेच्या टोकाला. पुन्हा वसतिगृहाचे भाडे. पुन्हा घरी फोन, आणि फोनवर बँकेच्या हप्त्याची तारीख. शिवाय ‘हा पोरगा कच्च्या दिलाचा आहे’ असा शेरा. तक्रार करावी तर ती कोणाकडे? ज्या मुख्य प्रशिक्षकाच्या सहीवाचून पुढचे उड्डाण नाही, त्याच्याच पेटीत तक्रारीची चिठ्ठी टाकायची. असल्या व्यवस्थेत मूल ढगात शिरते ते धाडसाने नव्हे. त्याला मागे ढकलणारे हात असतात.

उड्डाणतासांच्या या भुकेवर पोसलेले दुसरे पीकही देशाने पाहिले आहे. 2011 साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले, राजस्थानातल्या सरकारी उड्डाणशाळेत न उडलेल्या तासांची विक्री झाल्याचे उघड झाले, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांच्या वह्या तपासाव्या लागल्या. चार वर्षांनंतर एका तरुणाने जाहीरपणे सांगितले की आपल्या प्रमाणपत्रावर 360 तास लिहिले आहेत आणि आपण सहवैमानिकाच्या आसनावर बसलो ती केवळ 35 मिनिटे. ज्या देशात दुधात पाणी मिसळणारा गवळी बदनाम होतो, तेथे आभाळात शाई मिसळणारे मुख्य प्रशिक्षक म्हणून प्रतिष्ठित होते. ज्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबातून 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा भारतातला पहिला परवाना घेऊन बाहेर पडले, त्या परंपरेचे वारस म्हणवणाऱ्यांनी हे वाचून मान खाली घालावी. मात्र मान वर करून छताकडे पाहण्याचीच त्यांना सवय असावी.

अपघात झाला की काय घडते ते वाचकांना पाठ आहे. दुपारपर्यंत संस्थेचा प्रवक्ता ‘सर्व नियमांचे पालन झाले होते’ असे सांगतो. संध्याकाळपर्यंत ‘वैमानिकाची चूक असावी’ अशी कुजबूज सोडली जाते. मेलेला खुलासा करीत नाही, हा या कुजबुजीचा मोठा आधार. अपघाताच्या चौकशीचा हेतू दोष देणे नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे आणि शक्य तर बारा महिन्यांत अंतिम अहवाल द्यावा, असे ज्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तेराव्या परिशिष्टात म्हटले आहे, त्यावर भारताची सही आहे. परंतु आपल्याकडे दोष आधी वाटला जातो आणि अहवाल मागाहून सावकाश येतो, तोवर त्या तुकडीतली उरलेली मुले परवाने घेऊन निघून गेलेली असतात व नव्या तुकडीला मागच्या मुलीचे नावही ठाऊक नसते. वीस तास उडलेल्या पोराने चूक केली म्हणता? करणारच! चूक करणारा म्हणूनच तो विद्यार्थी आहे, आणि चूक जिवावर बेतू नये एवढ्याचसाठी त्याने तुम्हाला पन्नास लाख दिलेले आहेत. विद्यार्थ्याची चूक हा संस्थेचा बचाव होऊच शकत नाही. तो तिचा कबुलीजबाब आहे.

आणि या सर्वांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएची अवस्था कशी? संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट 2025 मध्ये दाखवून दिले की तेथील मंजूर 1,063 पदांपैकी केवळ 553 भरलेली आहेत. जवळजवळ अर्ध्या खुर्च्या रिकाम्या! ज्याच्या स्वतःच्या घरात निम्मी माणसे नाहीत तो दुसऱ्याच्या घरातले प्रशिक्षक मोजायला निघाला आहे. एवढ्या तुटपुंज्या बळावर खात्याने प्रतवारी लावण्याचे काम तरी केले, याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. आजवर जे पालक आपसात कुजबुजत होते ते निदान सरकारी शिक्क्यानिशी छापले गेले. पण छापून काय केले? ‘सी’ शिक्का बसलेल्या 22 संस्थांना दुसऱ्या दिवशी सकाळी नवा विद्यार्थी, नवा धनादेश आणि नवे माफीपत्र घेण्यास कोणी मज्जाव केला काय? रुग्णालयात विषमज्वराची साथ आहे हे दारावर लिहून दार उघडे ठेवणे, याला आरोग्यखाते म्हणत नाहीत.

म्हणून आमचा आरोप वाऱ्यावर सोडलेला नाही. पैसा संस्थांनी घेतला, मौन सरकारने बाळगले, आणि शिस्तीचा बडगा मात्र तिसऱ्याच्याच पाठीत घातला, हे आम्ही नोंदवून ठेवतो. 1934 चा जुना कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. अधिकारांची वाण आहे असे रडगाणे आता कोणी गाऊ नये. पन्नासाच्या खाली असलेल्या संस्थेचे नवे प्रवेश आज संध्याकाळी थांबवता येतात. विद्यार्थ्याचा पैसा मालकाच्या खिशात एकगठ्ठा न जाता उडलेल्या तासागणिक जाईल, अशी अट घालता येते. उडण्यास नकार देणाऱ्या मुलाची नोंद थेट डीजीसीएकडे जाईल आणि त्या नकारापायी त्याचे एकही उड्डाण मागे ढकलले जाणार नाही, हे एका परिपत्रकात लिहिता येते. जिवाची जबाबदारी झटकणारी ती माफीपत्रे फाडून टाकायला तर परिपत्रकही लागत नाही, हात लागतात.

यांपैकी काय होते ते कळायला फार दिवस थांबावे लागणार नाही. प्रतवारी वर्षातून दोनदा, 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला, लावायची असे ठरले आहे. तारखा सरकारनेच निवडल्या आहेत.